रांजणावर चाललेली वरात

आमच्या घरी मोटार होती आणि ती बैल ओढत असत. पुढे पुण्याला मैत्रिणींना हे सांगितले तेव्हा त्यांनी मला थापाडी ठरवले. पण नगरच्या दिल्ली दरवाज्याजवळच्या त्या वेळच्या माणसांना विचारा. निम्म्यांनी ते दृश्य पाहिलेले असेल आणि उरलेल्या निम्म्यांनी त्या बैलांना वाट दिलेली असेल.

त्याचे असे झाले. लढाईच्या थोडे आधी वडिलांनी एक जुनी मोटार घेतली आणि त्याच सुमारास सरकारने त्यांना रावसाहेब केले. दोन्ही गोष्टी एकदमच आल्यामुळे एकीशिवाय दुसरी शोभत नाही अशी वडिलांची समजूत झाली. मग लढाई लागली, पेट्रोल कुपनावर गेले, आणि कुपनावर मिळायचे ते मोटारीला वास येण्यापुरते. उभ्या उभ्या इंजिन गंजून बसले. दुसऱ्या कोणी मोटार विकून टांगा केला असता. वडिलांनी मोटारीला बैल जुंपले. स्वतः मागच्या गादीवर पगडी घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसत. पुढे ड्रायव्हर स्टिअरिंग धरून, आणि त्याच्याही पुढे बैल. चौक आला की ड्रायव्हर हॉर्न वाजवी. हॉर्न आपल्यासाठीच आहे असे बैलांना वाटे आणि ते पाऊल उचलत. एका अर्थाने ते खरेच होते.

लढाई संपली, पेट्रोलची चणचण काही संपली नाही. त्याच साली मी मॅट्रिक झाले. मला सायन्स घेऊन पुण्याला कॉलेजात जायचे होते. वडील म्हणाले, "मॅट्रिक म्हणजे पुष्कळ झालं. मला रावसाहेब व्हायला तेवढंही लागलं नाही."

हे ते अभिमानाने म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

माझी बाजू घेणारे घरात एकच, आईचे धाकटे भाऊ. मामांचे माळीवाड्यात विजेच्या फिटिंगचे आणि बॅटऱ्या चार्ज करण्याचे दुकान होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे. विजेबद्दल मला जे काही कळत होते ते पुस्तकातून थोडे आणि मामांच्या दुकानात बसलेल्या झटक्यांतून जास्त. लष्कराचे जुने सामान लिलावात निघाले तेव्हा मामांनी एक भलीमोठी विजेची मोटर आणि लॉरीच्या जुन्या बॅटऱ्या घेऊन ठेवल्या. कशासाठी, असे मामींनी विचारले. "कळेल," मामा म्हणाले. त्यांना स्वतःलाही कळायचे होते.

ते कळले माझ्या भावाच्या लग्नाच्या बोलणीत. मुलगी राहात्याची, लग्न नगरला, माळीवाड्याच्या धर्मशाळेत करायचे ठरले. व्याही जेवायला बसले होते. वडिलांनी वरणभातावर तूप घेता घेता सांगितले की वरात आमच्याच मोटारीतून निघेल.

व्याह्यांनी विचारले, "बैलांसकट?"

वाढता वाढता आईचा हात थांबला. राहात्यापर्यंत कीर्ती गेली होती तर.

मामांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला. "बैल कशाला? विजेवर चालवू की."

"मेहुणे," वडील हसले, "तुमची वीज वरात घरापर्यंत आणू द्या, मग मागा काय हवं ते."

"भाचीला पुण्याला पाठवा. सायन्सला."

एरवी वडिलांनी हे बोलणे ताटाखाली सरकवले असते. पण समोर व्याही, आणि रावसाहेबांनी 'मागा' म्हटलेले. ते म्हणाले, "दिला शब्द! पण वाटेत बैल जुंपायची पाळी आली, तर हिने पुण्याचं नाव काढायचं नाही. पुढच्या वैशाखात हिचाही बार उडवून टाकू."

अशा रीतीने माझे शिक्षण एका मोटारीला बांधले गेले.

आम्ही इंजिन काढून टाकले. त्याच्या जागी मामांची मोटर बसली आणि मागच्या गादीखाली बॅटऱ्या. हे सोपे काम. अवघड काम त्या दोघांचे एकमेकांशी पटवून देण्याचे. उभ्या मोटरला बॅटरी एकदम जोडली तर ती उपाशी पाहुण्यासारखी वाटेल तेवढी वीज ओढते. तारा जळतात, बॅटरी कण्हते आणि गाडी हिसका देऊन नाक वर उचलते. म्हणून आधी मध्ये अडथळा घालायचा, वीज थोडीथोडी सोडायची आणि गाडीने वेग धरला की अडथळा काढून घ्यायचा. मामांनी विजेच्या शेगड्यांच्या जुन्या कॉइली पुढच्या गादीखाली ओळीने बसवल्या आणि दांडीचे तीन स्विच केले. पहिला ओढला की गाडी हलायची, दुसरा ओढला की चालायची, तिसरा ओढला की पळायची.

भिंगारच्या रस्त्यावर आम्ही ती पळवली. आवाज नाही, धूर नाही. नुसता चाकाखालचा खडीचा चुरचुराट. ड्रायव्हर आयुष्यभर पेट्रोलवर पोसलेला माणूस, पण तोही विरघळला. "ताईसाहेब, लई ग्वाड चालती! लोण्यावर चालल्यावानी!" मामा वाऱ्यावर टोपी हातात धरून गाणे म्हणत होते. मला तर पुण्याचे कॉलेज रस्त्याच्या टोकाला दिसायलाच लागले होते. वडिलांनाही एक फेरी दिली. समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला त्यांनी काठी उचलून सलामी दिली, आणि उतरल्यावर म्हणाले, "मी नेहमीच म्हणत होतो, भविष्य विजेचं आहे." ते कधीही असे म्हणत नव्हते.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना बँडमास्तर ठरवाठरवीला आले. सोनेरी बटणांचा लाल कोट आणि पायांत चपला. वडिलांनी त्यांना विचारले, माळीवाड्यापासून दिल्ली दरवाज्यापर्यंत किती वेळ लागेल?

"रावसाहेब, चालत गेलं तर गेलंच की लगेच. पन वरात हाय ही. मानकऱ्याच्या वरातीला घाई करून चालतं व्हय? चौकाचौकात थांबायचं. कापड बाजारात तर आमी जागचं हालत न्हाई. दोन घटका तरी धरा."

मी मामांकडे पाहिले. मामा माझ्याकडे पाहत होते. इतके दिवस आम्ही मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवण्यात दंग होतो. वरात पळत नाही, ही गोष्ट मी, मामा आणि ड्रायव्हर अशा नगरच्या मातीत जन्मलेल्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. आमच्या कॉइली क्षणभर अडवायला होत्या. मुंगीच्या पावलाने जायचे म्हणजे पहिल्या स्विचवरच राहायचे, आणि सगळी वीज त्यांच्यातूनच जाणार.

तेव्हाच अंगणात करून पाहिले. ड्रायव्हरने पहिल्या स्विचवर गाडी तुळशीभोवती हळूहळू फिरवली. दुसऱ्या फेरीला गादीतून धूर निघाला. तिसऱ्या फेरीला ड्रायव्हर उभा राहून गाडी चालवू लागला.

"बसा की," मामा म्हणाले.

"तुमीच बसा, मामासाहेब. खाली चूल पेटलीया."

पुढे कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी सांगितले की यावर सोपा उपाय असतो: बॅटऱ्यांचे दोन गट करून सुरुवातीला ते शेजारी शेजारी जोडायचे, म्हणजे दाब निम्मा होतो, गाडी हळू जाते आणि काही तापत नाही. मी त्यांना विचारले, हे आपण गेल्या वर्षी का नाही सांगितले? त्यांना प्रश्न कळला नाही.

आम्हाला जे सुचले ते मिठाचे पाणी. साध्या पाण्यातून वीज नाखुशीने जाते, खारट पाण्यातून खुशीने. पाण्यात लोखंडाचे दोन पत्रे सोडायचे. जवळ आणले की वीज जास्त, दूर नेले की कमी. पाणी तापते, पण पाण्याला गादीसारखी आग लागत नाही. पुस्तकात काचेचे भांडे होते. आमच्याकडे स्वयंपाकघरातला मातीचा रांजण होता. पत्रे म्हणून भाकरीचे दोन तवे अगदी मापाचे निघाले. एक तळाशी, एक वरून दोरीला टांगलेला.

आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरात लग्न आहे, दोनशे पानं उठायचीत, आणि तू माझे तवे मोटारीत घालतेस?"

"आई, मला पुण्याला जायचंय."

तिने उतरंडीमागून मिठाची बरणी काढून माझ्या हातात दिली. "मोजून घाल. तुझा हात सैल आहे."

रांजण ड्रायव्हरच्या शेजारी, पुढच्या गादीवर बसवला. दोरी माझ्या हातात. नवरानवरीच्या पुढ्यात दोरी धरून बसलेली मुलगी आणि मातीचा रांजण हे काही रावसाहेबांना शोभणारे नव्हते. त्यामुळे वडिलांनी त्यावर स्वतःचा जरीचा शेला गुंडाळला, तोंडाशी आंब्याचे डहाळे खोवले, आणि दोरी जायला फट ठेवून वर नारळ बसवला. झाले! रांजणाचा मंगलकलश झाला. "कोणी विचारलं तर सांगा, आमच्या घराण्याची पद्धत आहे," वडील म्हणाले. आमच्या घराण्याची पद्धत त्या दिवशी दुपारी सुरू झाली.

लग्न गोरज मुहूर्तावर लागले आणि जेवणे उरकण्याआधीच वरात काढली, कारण जुन्या बॅटऱ्या उभ्या उभ्याच उतरतील अशी मामांना धास्ती होती. पुढे बँड, दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या, मध्ये आमची मोटार, मागे वऱ्हाड, आणि वऱ्हाडाच्या मागे शिंगांना झेंडू बांधलेले आमचे बैल. ते कशाला, असे मी वडिलांना विचारले. "शोभेला," ते म्हणाले.

मी दोरी सैल सोडली. वरचा तवा खाली उतरला आणि मोटार हलली. अगदी मुंगीच्या पावलाने. गर्दीतून "आहाऽऽ" असा आवाज आला. इंजिन नाही, बैल नाहीत, आणि रावसाहेबांची मोटार आपली आपण चाललेली. म्हातारी माणसे कलशाला हात जोडू लागली. एकाने हळद-कुंकू वाहिले. त्यातले थोडे रांजणात पडले. पाणी गंजाने आधीच तांबडे झाले होते, त्यात ते मिसळून गेले.

पहिला चौक नीट गेला. मग माझ्या लक्षात आले की मी दोरी हलवली नसताना मोटार बँडच्या जवळ चालली आहे. मी तवा थोडा वर ओढला. जरा वेळाने पुन्हा तेच. शेल्याखालून वाफ येऊ लागली तेव्हा उलगडा झाला. पाणी तापले की ते वीज आणखी खुशीने सोडते, वीज जास्त गेली की ते आणखी तापते. हे मला पुस्तकात वाचूनही माहीत होते आणि वरातीत बसेपर्यंत समजले नव्हते.

शेवटच्या ओळीतल्या ढोलवाल्याला बंपर लागला. तो दोन पावले पुढे सरकला, त्याच्यापुढचा सनईवाला त्याच्या पुढे, आणि बँडमास्तरांनी मागे वळून पाहिले.

"ताई, हळू घ्या की!"

"तुम्हीच जरा पटपट घ्या!"

तवा आता पाण्याबाहेर येईल इतका वर आला होता. बाहेर काढला तर मोटार थांबेल आणि मागे बैल तयारच होते. बँडने चाल वाढवली. संथ मंगलगीत होते त्याची लावणी झाली, लावणीची पलटणीची कवायत झाली. बँडमास्तर कोटाची बटणे सोडून पळत पळत वाजवत होते. वऱ्हाड मागून दुडक्या चालीने येत होते. शालू सावरत धावणाऱ्या बायकांना हसू आवरेना. भाऊ मुंडावळ्या धरून बसला होता आणि मामा मोटारीच्या बाजूने धावत मला ओरडून सांगत होते, "गार पाणी! गार पाणी घाल!"

देवच पावला म्हणायचा. पुढच्या घरासमोर एक बाई रीतीप्रमाणे मोटारीच्या चाकांवर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होती. मी वाकून तांब्या तिच्या हातातून घेतला, नारळ बाजूला काढला आणि पाणी रांजणात ओतले. चर्रर्र झाले, वाफेचा ढग उठला आणि मोटार शहाण्यासारखी हळू झाली.

पण हे गल्लीतल्या सगळ्या बायकांनी पाहिले. कलश पाणी घेतो! मग काय, प्रत्येक दारातून तांब्या निघाला. "आमचंबी घ्या हो!" "कालच्या पूजेचं हाय, ताई!" मी नको म्हणत होते आणि त्या ओतत होत्या. नवरानवरीशेजारी बसलेले वडील मागून गंभीर आवाजात "ओता, ओता, घराण्याची पद्धत आहे," असे सांगत होते.

कापड बाजाराच्या तोंडाशी मोटार थांबली.

मी दोरी पूर्ण सोडली. काही नाही. रांजणात आता नगरचे इतके गोडे पाणी भरले होते की वीज त्यात उतरायला तयार नव्हती. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. बँड थांबला. त्या शांततेत मागून घंटांचा आवाज आला. बैल आपण होऊन वऱ्हाडातून वाट काढत पुढे आले, मोटारीच्या नाकापुढे नेहमीच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी माना वाकवल्या.

लोक हसले. वडिलांचा चेहरा उतरला, पण ते मागच्या गादीवरून पुढे वाकून मला म्हणाले, "आता हट्ट पुरे. गडी जू घेऊन येतोय."

मला वैशाख दिसला. अंतरपाट दिसला. त्या अंतरपाटापलीकडे जो कोणी होता त्याच्याशी माझे काही वैर नव्हते, पण मला तो नको होता. मला मीठ हवे होते.

"आत्या!" मी ओरडले. आमच्या आत्या मोटारीला धरून धापा टाकत होत्या. घरात कोणाला शिंक आली तरी दृष्ट काढणाऱ्या बाई. "आत्या, दृष्ट लागली मोटारीला! मीठमोहऱ्या!"

आत्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. "तरी मी म्हणत होते!" त्या गरजल्या. "सगळ्या गावाची नजर! अगं, मीठ आणा कुणीतरी!" समोरच वाण्याचे दुकान. आत्यांनी पदर खोचून ओंजळभर खडेमीठ आणि मोहरी घेतली, नवरानवरीवरून उतरवली आणि सवयीने चूल शोधू लागल्या.

"इथं टाका, आत्या! इथं!"

वाफाळणाऱ्या रांजणात मीठ पडले. मोटार किंचित थरथरली. हे बघताच बायकांची खात्री झाली: दृष्ट खरीच होती आणि उतरते आहे. मग वाण्याच्या दुकानातून पसापसा मीठ आले. "इडापिडा टळो!" पसा. "आल्यागेल्याची, पापी चांडाळाची!" पसा. मामा रस्त्यात उभे राहून आनंदाने टाळ्या पिटत होते. "मोहरी कमी, मीठ जास्त!" ते ओरडत होते. मी दोरी ओढायला विसरले.

मोटारीने उडी घेतली. बैल शहाणे, ते बाजूला झाले. बँड मात्र पळाला. बँडमास्तर पळता पळता वाजवत होते की वाजवता वाजवता ओरडत होते, कळायला मार्ग नव्हता. मी दोरी हाताला गुंडाळून अंग मागे टाकले तेव्हा कुठे तवा वर आला आणि मोटारीने दम घेतला. एवढ्यात मागच्या गादीवरून, शालूच्या घडीतून, एक बारीक आवाज आला. राहात्याहून आमच्या घरी आलेल्या माझ्या वहिनीचे ते मला उद्देशून पहिले वाक्य.

"वन्सं, मीठ जरा जास्त झालं वाटतं."

मी इतकी हसले की ड्रायव्हरने दोरीचे टोक स्वतःच्या हातात घेतले. आम्ही दिल्ली दरवाज्यापर्यंत तसेच पोचलो: मी हसत, वहिनी पदरात हसत, भाऊ मुंडावळ्यांत हसत, आणि पुढे बँड अशा काही चालीत की नगरच्या इतिहासात तिला नाव नाही. दारात मोटार थांबली तेव्हा बॅटऱ्यांत काही उरले नव्हते. पण ती मोटार थांबली होती ती दारात.

वडील उतरले. पगडी नीट केली. मामांनी काही बोलण्याआधीच म्हणाले, "बैल कापड बाजारात पुढे आले होते."

"आले होते," मामा म्हणाले. "वरातीला सगळेच येतात. जू कुठं होतं मानेवर?"

"तसं पाहिलं तर..." वडिलांनी सुरुवात केली. ते एखाद्या गोष्टीकडे 'तसं' पाहायला लागले की ती गोष्ट संपली असे आम्ही समजत असू. माझे हसू थांबले.

पण तेवढ्यात व्याही गर्दीतून पुढे आले. त्यांच्या जरीच्या टोपीवर मोहऱ्या होत्या. त्यांनी रांजणात डोकावून पाहिले, तव्यांकडे पाहिले, आणि जोराने विचारले, "रावसाहेब, कमाल आहे! ही युक्ती कोणाची?"

सगळी गल्ली ऐकत होती. वडिलांनी छाती पुढे काढली. 'माझी' हा शब्द त्यांच्या मिशीपर्यंत आलेला मी पाहिला.

"कारण मला एक सांगा," व्याही म्हणाले, "ते मिठानं चालतं कसं?"

वडिलांची छाती होती तिथेच राहिली. त्यांनी एकदा रांजणाकडे पाहिले. रांजणाने काही सांगितले नाही. बँडमास्तर, वाणी, आत्या, राहात्याचे सगळे वऱ्हाड, सगळे उत्तराची वाट पाहत उभे. मग त्यांनी काठी उचलून माझ्याकडे रोखली.

"असल्या बारीकसारीक गोष्टी आमच्या घरात मुली सांगतात," ते म्हणाले. "सांग गं यांना."

मी सांगितले. पाणी, मीठ, दोन तवे, मध्ये अडवलेली वीज. तवे का सरकवायचे, गार पाण्याने काय झाले आणि मिठाने काय. हात खारट होते आणि आवाज बसला होता, पण मला वाटते मी आयुष्यात इतके बरे कधी शिकवले नाही. व्याही शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग, वडिलांनी शब्द दिला त्या पंगतीला स्वतः हजर असूनही, साळसूदपणे म्हणाले, "पोरगी कॉलेजात आहे वाटतं?"

मी वडिलांकडे पाहिले. मामांनी वडिलांकडे पाहिले. आईसुद्धा औक्षणाचे ताट घेऊन दारात थांबली होती.

"म्हणजे काय!" रावसाहेब म्हणाले. "जूनमध्ये पुण्याला जातेय. सायन्सला. माझ्या मनात हे फार पूर्वीपासून होतं."

कोणीही हरकत घेतली नाही. जूनमध्ये मी दौंडमार्गे पुण्याला गेले. वडील स्टेशनवर पोचवायला आले आणि गाडी सुटेपर्यंत गार्डला समजावून सांगत होते की विजेच्या मोटारीत मीठ किती घालायचे.